बर्फ टणक, आईस्क्रीम मऊ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले होते. धुळ्याहून नणंद आणि भाचा येणार, म्हणून व्हॅनिलाचा मोठा डबा आधीच आणून फ्रीजरमध्ये ठेवला होता. दुपारी धाकट्याने तो उघडून चमचा घातला, तर श्रीखंडात शिरावा तसा चमचा आत शिरला. मी शेजारचा बर्फाचा ट्रे हलवून पाहिला. खडे चांगले टणक होते. "बर्फ आहे ना, म्हणजे फ्रीजर चालू आहे," असं म्हणून दार लावून टाकलं. तिथेच चुकलं आणि पुढचे दोन दिवस वाया गेले.

पाणी शून्य अंशाला गोठतं. म्हणजे फ्रीजर उणे ३ वर आला काय आणि उणे १८ वर असला काय, ट्रेमधला बर्फ बर्फच दिसतो. आईस्क्रीमचं तसं नाही. त्यात साखर असते, त्यामुळे ते टणक राहायला पुष्कळ जास्त थंडी लागते. उणे १८ ला ते दगडासारखं असतं आणि उणे १० च्या आसपास मऊ पडायला लागतं. फ्रीजर बिघडत चालला की पहिली खबर आईस्क्रीम देतं, बर्फ सगळ्यात शेवटी. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

आमच्या फ्रीजरमध्ये काय असतं तेही सांगते, म्हणजे जीव का टांगणीला लागला ते कळेल. आम्ही अंमळनेरचे. हिवाळ्यात भरिताची हिरवी-पांढरी मोठी वांगी येतात, तेव्हा मी कपाशीच्या काड्यांवर एकदाच दहा-बारा किलो भाजून घेते. साल काढून, ठेचून, एकेका जेवणापुरती पाकिटं भरून गोठवते. पुण्यातल्या लेकीला जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर ती पाकिटं जातात. शिवाय जानेवारीतला मटार आणि तुरीचे ओले दाणे. हे सगळं बाजारातून पुन्हा आणता येत नाही, कारण त्याचा हंगाम गेलेला असतो. त्यात आखाजीला पितरांना आमरस दाखवल्यावरच आमच्याकडे आंब्याला तोंड लागतं, आणि त्यानंतर रसाचे डबेही तिथेच जायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या कप्प्यातलं दूध नासलं. मग मात्र मी कोपऱ्यावरच्या आईस्क्रीमवाल्या दादांकडून थर्मामीटर मागून आणला. रात्रभर तो फ्रीजरमध्ये मटाराच्या दोन पाकिटांमध्ये खोचून ठेवला आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचला. उणे ७. मग खालच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून ठेवला. तिथे १३. खाली ४-५ असायला हवं. नुसत्या हवेत ठेवलेला थर्मामीटर दार उघडताच चढतो, म्हणून पेल्यातलं पाणी किंवा पाकिटांची बेचकी. ही युक्ती दादांनीच सांगितली, आणि हातात आकडा आल्यावर माझी निम्मी घालमेल थांबली. नुसतं "गार वाटत नाही" यावरून काही ठरवता येत नाही.

मला आधी वाटलं, ऊनच कारण असणार. बाहेर ४५, आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेची. फ्रीजच्या आत बाजूला एक चिकटपट्टी असते, ती मी एवढ्या वर्षांत कधी वाचली नव्हती. त्यावर 'क्लायमेट क्लास' म्हणून एक अक्षर छापलेलं असतं. 'एन' असेल तर तो फ्रीज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला, 'एसटी' असेल तर ३८ पर्यंत, 'टी' असेल तर ४३ पर्यंत. आमचा 'टी' निघाला, म्हणजे यातला सगळ्यात काटक. तरी खानदेशातल्या वैशाखात बंद स्वयंपाकघर दुपारी त्या ४३ च्या अगदी जवळ जातं. नवीन फ्रीज घेणाऱ्याने रंग आणि लिटर बघण्याआधी हे अक्षर बघावं, असं मला मनापासून वाटतं. पण ऊन हे एकटं कारण नव्हतं. हाच फ्रीज गेल्या आठ उन्हाळ्यांत इथेच उभा होता आणि कधी कुरकुरला नव्हता.

मग व्होल्टेज. दुपारी आमच्याकडे दाब उतरतो, त्यासाठी स्टॅबिलायझर आहे. तो व्यवस्थित होता. कॉम्प्रेसरजवळ कान लावून बसले. दाब कमी असला किंवा कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले गेला असला तर कॉम्प्रेसर चालू व्हायला बघतो, गुरगुरतो, 'टिक' होऊन बंद पडतो, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. इथे तसं काही नव्हतं. कॉम्प्रेसर एकसारखा चालू होता, रात्री दोनला उठून बघितलं तरी चालूच. फ्रीजच्या दोन्ही बाजूंचे पत्रे चांगले गरम लागत होते. आमच्या फ्रीजला मागे काळी जाळी नाही, उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्यांच्या आतून जाते. म्हणजे आतली उष्णता बाहेर येत होती. मशीन राबत होतं, पण त्याची थंडी कप्प्यापर्यंत पोचत नव्हती. ती वाटेत कुठे अडकते आहे, हा खरा प्रश्न होता. मला तो असा नेमका पुढे मांडता आला, पण उत्तर येत नव्हतं.

फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, मागची धूळ काढली. दाराचं रबर तपासलं. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. चार बाजूंनी ती अडकून अडकून आली, फक्त फ्रीजरच्या वरच्या कोपऱ्यात सरळ सुटून हातात आली. तिथे मटाराचं एक फुगलेलं पाकीट दाराला आतून टेकत होतं आणि रबराला त्या जागी मोड पडली होती. कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसलं, गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून मोड सरळ केली. नोट अडकायला लागली. पण दुसऱ्या सकाळी थर्मामीटर उणे ५ वर, म्हणजे आणखी चढलेला.

मग मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी फ्रीजर उघडला, हात लावला, कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "ताई, गॅस गेला. कॉम्प्रेसरही दमलाय. गॅस भरायचे साडेचार हजार, कॉम्प्रेसर निघाला तर वेगळे." मी विचारलं, गॅस गेला हे कशावरून? "थंड होत नाही म्हणजे गॅसच," एवढंच उत्तर. आतलं पॅनेल उघडून बघाल का म्हटलं, तर गरज नाही म्हणाले.

मी होकार दिला नाही. फ्रीजमधला गॅस मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरला तर तो पुन्हा निघून जाणार. आमच्या कॉम्प्रेसरवर 'आर ६०० ए' लिहिलेलं होतं. हा पेट घेणारा वायू, अगदी थोडा भरलेला असतो, पण नळी कापायची तर गॅस आधी नीट मोकळा करावा लागतो आणि जवळ ज्योत चालत नाही. असं काम अंदाजावर करून घ्यायला मी तयार नव्हते.

त्या रात्री सासूबाईंनी जे सांगितलं त्याने सगळं फिरलं. त्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झोपतात आणि त्यांची झोप सावध आहे. मी फ्रीजसमोर बसलेली बघून म्हणाल्या, "काय व्हयनं वं माय?" मी सांगितलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "रातले तो चर्र आवाज ये, तो आते येत नही." मला काही उलगडा झाला नाही. तव्यावर पाणी पडल्यासारखा एक आवाज रात्री फ्रीजमधून यायचा, आणि तो होळीपासून ऐकलाच नाही, एवढं त्या ठामपणे सांगत होत्या.

भाचा आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या दुसऱ्या वर्षात आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी तो आला. चहा घेता घेता मी आजीचं बोलणं सांगितलं, तर कप तसाच ठेवून उठला. "मामी, तो डिफ्रॉस्टचा आवाज. आजीने रोग सांगितला की तुम्हाला."

त्याने समजावलं ते असं. आमचा फ्रीज दोन दारांचा, 'फ्रॉस्ट फ्री'. थंडी तयार करणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असते. पंखा तिच्यावरून हवा ओढून फ्रीजरमध्ये सोडतो, आणि त्यातलीच थोडी हवा एका वाटेने खालच्या कप्प्यात उतरते. हवेतली वाफ कॉइलवर गोठून बसते. ती काढायला दर काही तासांनी टायमर कॉम्प्रेसर बंद करून कॉइलखालचा हीटर चालू करतो. बर्फ वितळतो, थेंब गरम हीटरवर पडून 'चर्र' वाजतात, पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये जाऊन वाळून जातं. हा हीटरच लागत नसेल तर कॉइलवर बर्फ चढत जातो, हवेची वाट बुजते, आणि कॉम्प्रेसर कितीही राबला तरी थंडी भिंतीआड कोंडून राहते. म्हणून खालचा कप्पा आधी तापतो, फ्रीजर मागून. आमच्याकडेही खालचा कप्पा १३ वर गेला तेव्हा फ्रीजर अजून उणे ७ वर होता.

पॅनेल उघडायच्या आधी माल बाहेर काढायचा होता. बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणली, फोडून थर्माकोलच्या दोन खोक्यांत अंथरली. मग मी एकेक पाकीट हाताने दाबून बघितलं. दाबताना आत खडे लागतात, बर्फाचे कण करकरतात, ते पाकीट पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव-पोत थोडा उतरतो एवढंच. पूर्ण सुटलं असेल आणि गारवाही गेला असेल तर ते ठेवायचं नाही. भरिताची १४ पाकिटं होती. मागच्या बाजूची ११ करकरीत निघाली, दाराजवळची ३ मऊ पण अजून चांगली गार. ती त्याच संध्याकाळी कांद्याची पात आणि मिरचीचा ठेचा घालून परतली आणि पाहुण्यांच्या ताटात वाढली. मटार वाचला. पनीर आणि आईस्क्रीम टाकून दिलं. आईस्क्रीम वितळून पुन्हा गोठवणं मला पटत नाही, घरात लहान मुलं आहेत. तुरीच्या दाण्यांची दोन पाकिटं टाकताना मात्र हात जड झाला. ते दाणे सासूबाईंनी डिसेंबरच्या उन्हात बसून सोललेले होते.

प्लग काढला. भाच्याने स्वतः दोनदा बघितलं की प्लग भिंतीतून बाहेर आहे, मगच स्क्रू सोडवले. पॅनेल पुढे ओढलं आणि मागे वेचणीला आलेलं कपाशीचं शेत दिसलं. कॉइल कुठे दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा पांढरा थर, पंख्याच्या पात्यापर्यंत पोचलेला.

"हे बघा मामी, गॅस गेलेला नाही." गॅस कमी असता तर कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्या भागावरच बर्फ धरला असता आणि पुढची नळी कोरडी राहिली असती. अख्ख्या कॉइलवर सारखा थर आहे याचा अर्थ गॅस शेवटपर्यंत फिरतो आहे. एवढं बघायला पाच स्क्रू काढावे लागले. साडेचार हजारांचा निर्णय या पाच स्क्रूंच्या मागे होता, याचं मला अजून वाईट वाटतं. माझे पैसे वाचले, पण असे किती घरांनी गॅसचे पैसे भरले असतील.

शेजारचे काका मदतीला आले आणि स्क्रू ड्रायव्हरने बर्फ फोडू म्हणाले. भाच्याने त्यांचा हात धरला. कॉइलची नळी ॲल्युमिनियमची, पातळ असते. एक टोचा बसला की खरोखरच गॅस जातो, आणि मग दुरुस्ती मोठी. आम्ही घाई केली नाही. दारं उघडी टाकली, समोर टेबल फॅन लावला, आत गरम पाण्याची पातेली ठेवली, खाली जुन्या साड्या अंथरल्या. एरवी शिव्या खाणारं ते ऊन त्या दिवशी कामाला आलं. चार तासांत कॉइल उघडी पडली. पाणी वाहून जायचं भोकही बर्फाने बुजलेलं होतं, त्यात कोमट पाणी पिचकारीने सोडून ते मोकळं केलं.

आता हीटर का लागत नव्हता ते शोधायचं. भाच्याने वीज आणि जोडणी तपासायचा मल्टिमीटर काढला. हीटरवर १५० वॅट छापलेलं. २३० व्होल्टला १५० वॅट म्हणजे रोध साधारण साडेतीनशे ओहम असायला हवा, आणि मीटरने तेवढाच दाखवला. हीटर चांगला. थर्मल फ्यूज, जो हीटर भलताच तापला तर कायमचा तुटतो, तोही जोडलेला. राहिला बायमेटल. ही कॉइलला चिमट्याने बसवलेली, रुपयाएवढी गोल डबी. कॉइल खूप थंड असेल तेव्हाच ती आतून जोडली जाते आणि हीटरला वीज जाऊ देते. बर्फ वितळून कॉइल थोडी तापली की ती तुटते आणि हीटर बंद होतो.

मीटर लावला तर बायमेटल तुटलेला दाखवत होता. मी म्हटलं, सापडला. भाचा म्हणाला, नाही, थांबा. गरम खोलीत चांगला बायमेटलही तुटलेलाच दाखवतो, तेच त्याचं काम आहे. तो थंड करून बघायला हवा, आणि नुसत्या बर्फाची थंडी पुरत नाही, कारण ती शून्याच्या खाली जात नाही. मला पॉट आईस्क्रीम आठवलं. लाकडी पिंपात बर्फात जाडं मीठ घालून हँडल फिरवतात ते. लादीचा चुरा केला, त्यात तीन मुठी खडे मीठ घातलं, थर्मामीटर खोचला. बघता बघता उणे १४. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारा बाहेर ठेवून त्यात पुरला. चांगला असता तर 'टक्' वाजून मीटर बोलला असता. वीस मिनिटं आम्ही पाच माणसं त्या पातेल्याभोवती बसून होतो. टक् झालं नाही.

अंमळनेरच्या दुकानात त्या मापाचा बायमेटल मिळाला नाही. आखाजीच्या दिवशी सकाळी घागर भरून, नैवेद्य दाखवून झाल्यावर भाचा गाडीने जळगावला गेला आणि दुपारी फ्यूजसकट नवा जोड घेऊन आला. जाण्या-येण्यासकट साडेसहाशे रुपये. बसवायच्या आधी आम्ही तोही मीठ-बर्फात घालून बघितला. पाचव्या मिनिटाला 'टक्', आणि मीटरची शिट्टी. सासूबाईंनी आतून विचारलं, काय वाजलं म्हणून.

फ्रीज चालू करून लगेच काही कळत नाही. भाच्याने पाच-सहा तास कॉइल थंड होऊ दिली, मग टायमरची खाच स्क्रू ड्रायव्हरने हळूच फिरवली. कॉम्प्रेसर थांबला, आणि मिनिटाभरात आतून चर्र ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मटाराच्या पाकिटांमध्ये थर्मामीटर उणे १८, खालच्या पेल्यात ५. बाहेर ४४ होते.

एक गोष्ट भाच्यालाही लगेच सुचली नव्हती, ती मला नंतर भांडी घासताना सुचली. खानदेशात उन्हाळाभर हवा कोरडी असते, मग एवढा बर्फ आला कुठून? आमचा डेझर्ट कूलर. तो मार्चपासून हॉलच्या खिडकीत लागतो आणि त्याचा ओला झोत सरळ स्वयंपाकघरात येतो. फ्रीजरचं दार उघडलं की ती ओली हवा आत शिरते, आणि वरचा कोपरा तर रबराच्या मोडीमुळे दिवसभर ओढत होता. बायमेटल गेल्यामुळे बर्फ निघेना, आणि कूलरमुळे तो भराभर चढत गेला. आता कूलरची तोंडं मी दुसरीकडे वळवली आहेत, रस झाकणाच्या डब्यातच ठेवते, आणि फ्रीजरमध्ये मागच्या झरोक्यांपुढे चार बोटं जागा मोकळी ठेवते. ट्रेशेजारी एका वाटीत गोठलेलं पाणी आणि त्यावर एक रुपयाचं नाणं आहे. गावाला जाऊन आल्यावर नाणं वरच असेल तर मागे काही बिघडलं नाही. ते बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजायचं.

पाहुणे गेले त्या रात्री मी दमून झोपले होते. सकाळी सहाला सासूबाई अंगणात सडा टाकता टाकता म्हणाल्या, "ऊना वं तो आवाज. दोनदाव ऊना." दोनदा आला होता.